नाव वाचूनच काम कळावं

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबकडच्या सोयाबीनच्या रानात मधून मधून तुरीची तासं दिसतात. पावसानं सोयाबीन नेलं तरी तूर हाती लागते, असा हिशेब असतो. इथला एखादा शेतकरी फोनवर ई-पीक पाहणीचं अ‍ॅप उघडतो. खातेदार निवडतो, गट क्रमांक निवडतो, हंगाम निवडतो. मग पडदा विचारतो, 'पिकाचा वर्ग'. पर्यायांत एक आहे 'निर्भेळ पीक', त्याला जोडून कंसात 'एक पीक'. दुसरा 'मिश्र पीक', कंसात 'बहुपीक'.

'निर्भेळ' हा शब्द महसुलाच्या जुन्या नमुन्यातून आला आहे. सातबाऱ्यातला जो 'बारा', म्हणजे गाव नमुना १२, त्यात मिश्र पिकाखालचं क्षेत्र आणि निर्भेळ पिकाखालचं क्षेत्र असे वेगवेगळे रकाने आहेत. तलाठ्यांच्या पिढ्यांनी ते भरले. त्यांच्यासाठी हा शब्द चोख होता, कारण त्यांना त्याचं शिक्षण मिळालेलं असे. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकांची नोंद शेतकऱ्यानं स्वतः आपल्या फोनवरून करायची असं ठरलं. लिहिणारा हात बदलला आणि रकान्याची नावं जुन्या हाताचीच राहिली. कंसातले 'एक पीक' हे दोन शब्द कुणीतरी शेतकऱ्याचा विचार करून घातले आहेत. माझ्या मते तेच खरं नाव आहे. तेच बाहेर, मोठ्या अक्षरात हवं होतं.

एवढ्याशा शब्दावर इतकं लक्ष का द्यायचं, असं वाटू शकेल. पण या नोंदीवर काय काय टांगलेलं आहे ते पाहा. हीच नोंद सातबाऱ्यावर उतरते. हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायचं तर सातबाऱ्यावर त्या हंगामाच्या सोयाबीनची नोंद लागते. पीक विम्यातही हीच नोंद पाहिली जाते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात, जिथे खरिपाचा बहुतेक पैसा सोयाबीनवर येतो, तिथे एका पर्यायावर चुकून पडलेलं बोट वर्षभर भोवू शकतं. सॉफ्टवेअरमधल्या सोयीला दिलेलं नाव म्हणजे वर लावलेली पाटी नव्हे. ती सोय चालते की नाही, हे बऱ्याच अंशी त्या नावावरच ठरतं.

याच अ‍ॅपचं स्वतःचं नाव मात्र उत्तम जमलं आहे, आणि मराठवाड्यात तर विशेष. १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या महसुली कारभारात पाहणी पत्रक आणि खासरा पत्रक असत. जुन्या दप्तरांत, वाडवडिलांच्या कागदांच्या गाठोड्यांत ती आजही सापडतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत ही दोन्ही नावं होती आणि गावोगावच्या तरुणांच्या तोंडी ती पुन्हा आली. म्हणजे 'पाहणी' ऐकल्यावर धाराशिवच्या माणसाला काही नवं शिकावं लागत नाही. सरकारी माणूस रानात येतो, काय पेरलंय ते बघतो, लिहून नेतो. त्यापुढे 'ई-पीक' लागलं की एवढंच कळतं की हे आता फोनवर आहे. मोहिमेची घोषणाही त्याच जातीची होती. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा.' शेतकरी पीक पाहणी असं फारसं म्हणत नाही. तो म्हणतो, 'पेरा लावला का?' घोषणा लिहिणाऱ्यानं हे ऐकलेलं होतं.

हे ऐकणं इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर १९८७ सालच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या संशोधकांनी, जॉर्ज फर्नास, टॉमस लँडॉर, लुई गोमेझ आणि सुसान ड्युमे यांनी, लोकांना निरनिराळ्या गोष्टी आणि कामं दाखवली आणि विचारलं, याला तुम्ही काय म्हणाल? दोन माणसांनी आपण होऊन एकाच गोष्टीला एकच शब्द वापरण्याची शक्यता दरवेळी २० टक्क्यांहून कमी निघाली. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं स्वतःला सुचलेलं पहिलं नाव बटणावर लिहिलं, तर पाचातल्या चार वापरणाऱ्यांच्या मनात दुसराच शब्द असतो. हे त्या बनवणाऱ्याच्या हुशारीवर अवलंबून नाही. शब्दांचा स्वभावच तसा आहे. यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. एका गोष्टीकडे नेणारी नावं एक न ठेवता भरपूर ठेवा, म्हणजे माणूस कोणत्याही शब्दानं आला तरी पोचेल.

पिकांच्या यादीत हे फार उपयोगी पडतं. कुणी हरभरा शोधेल, कुणी चणा. कुणी करडई म्हणेल, कुणी करडी. कुणी 'सोयाबीन' दीर्घ लिहील, कुणी 'सोयाबिन' ऱ्हस्व, आणि बाजारातल्या पाटीवर तर दोन्ही असतात. ज्वारीला कुणी नुसतं 'जोंधळा' म्हणेल. शोधायच्या चौकटीला हे सगळे शब्द ओळखीचे असायला हवेत. दाखवताना एकच प्रमाण नाव दाखवावं, पण शोधताना सगळ्या नावांना दार उघडं असावं. यासाठी मोठं तंत्र लागत नाही, समानार्थी शब्दांची एक यादी लागते, आणि ती यादी करायला रानात जावं लागतं.

रानात जायचं नसेल तर निदान महा ई-सेवा केंद्राच्या काउंटरसमोर तासभर उभं राहावं. नाव ठेवणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही. येणारा माणूस केंद्रचालकाला म्हणतो, 'दादा, बोजा उतरवायचाय.' एक बाई म्हणते, 'मालकाच्या जागी माझं आन् लेकराचं नाव लावायचंय.' कुणी म्हणतो, 'फेर झालाय का बघा बरं.' यातलं प्रत्येक वाक्य एका कामाचं आहे आणि त्यात क्रियापद आहे: उतरवणं, लावणं, बघणं. आता केंद्रचालक दादा हे मनातल्या मनात पोर्टलच्या भाषेत फिरवतो. बोजा उतरवणं म्हणजे 'बोजा कमी करणे'. नाव लावणं म्हणजे 'वारस नोंद'. फेर बघणं म्हणजे 'आपली चावडी'. सगळ्या गावात ही फिरवाफिरवी करणारा एकच माणूस असतो, म्हणून त्याच्याकडे रांग लागते. ही मधली पायरी नावांनीच गाळली असती, तर त्या रांगेतली कित्येक माणसं घरीच बसून काम करू शकली असती.

फेरफारासाठी घरबसल्या अर्ज करायच्या 'ई-हक्क' सुविधेतली नावं या दृष्टीनं वाचण्यासारखी आहेत. 'बोजा चढवणे' आणि 'बोजा कमी करणे' ही दोन नावं मला अगदी आदर्श वाटतात. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात ते चढतं, फेडलं की उतरतं. हा शब्द कायद्याला चालतो, बँकेला चालतो आणि पारावरही चालतो. 'मयताचे नाव कमी करणे' हेही स्पष्ट आहे, ऐकायला कठोर वाटलं तरी. पण त्याच यादीत 'अ.पा.क. शेरा कमी करणे' येतं आणि 'ए.कु.मॅ. नोंद कमी करणे' येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून सातबाऱ्यावर त्याच्या नावासोबत आईचं नाव पालनकर्ती म्हणून लागलं. मुलगा आता सज्ञान झाला, शेरा तसाच आहे, आणि जमिनीचा काही व्यवहार करायचा म्हटलं की तो आडवा येतो. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावे जमीन लागलेली, बाकीच्या भावांची नावं वर यायची आहेत. मराठवाड्यात काय किंवा पश्चिम महाराष्ट्रात काय, ही दोन्ही घरोघरची दुखणी आहेत. ज्याला हे काम करायचं आहे त्यानं ही तीन अक्षरं वाचली तर हे आपलंच काम आहे हे त्याला कसं कळावं? 'मूल सज्ञान झाले, पालनकर्त्याचे नाव काढणे' असं लिहिलं असतं तर ओळ लांब झाली असती, पण वाचणारा तिथेच थांबला असता. पडद्यावर जागा कमी असते हे खरं. तरी जागा वाचवून माणूस हरवत असेल तर त्या बचतीला अर्थ नाही. जुनी अक्षरं खाली बारीक ठेवावीत, कारण सातबाऱ्यावर तीच छापलेली असतात आणि माणूस कागद हातात धरून ताडून बघतो.

'आपली चावडी' या नावावर थोडं थांबायला हवं. फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, आणि ती नोटीस चावडीवर लावायची रीत आहे. आता गावातली कोणती जमीन कुणाच्या नावे व्हायची आहे हे कुणालाही फोनवर पाहता येतं. या सोयीला 'सार्वजनिक सूचना फलक' म्हणता आलं असतं आणि ते बरोबरही ठरलं असतं. पण चावडी म्हटलं की तलाठ्याची बसायची जागा, लोकांचं येणं-जाणं आणि भिंतीवर डकवलेला कागद हे सगळं एकदम डोळ्यासमोर येतं. त्यात 'आपली' हा शब्द सांगतो की बघायला परवानगी लागत नाही. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीनं स्टार नावाचा संगणक आणला, तेव्हा कचेरीतल्या माणसाला कळावं म्हणून पडद्यालाच टेबलाचं रूप दिलं आणि त्यावर कागद नि फोल्डर मांडले. अमेरिकन कचेरीला जे फोल्डर, ते आपल्या गावाला चावडी. जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेचे जे दहा नियम मांडले त्यातला दुसराच हा आहे: यंत्रानं वापरणाऱ्याच्या जगातले शब्द बोलावेत.

अर्थात लोकांचा शब्द उचलला की काम झालं असंही नाही. कधी कधी लोकांच्या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि तिथे नाव ठेवणाऱ्याची खरी कसोटी लागते. 'सातबारा काढायचाय' म्हणत माणूस येतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कचेरीत द्यायचा तर डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा लागतो आणि त्याला १५ रुपये पडतात. दोन्ही पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. फुकटचा छापून माणूस बसनं तालुक्याला जातो आणि बँकेतून परत येतो. 'डिजिटल स्वाक्षरीत ७/१२' हे नाव खोटं नाही, पण ते कागदावर काय केलं आहे ते सांगतं. माणसाला हवं असतं ते, हा कुठे चालेल? एकावर 'फक्त पाहण्यासाठी सातबारा' आणि दुसऱ्यावर 'बँकेत व कचेरीत चालणारा सातबारा, १५ रुपये' असं लिहिलं तर निवड चुकायला वावच राहत नाही. तुळजापूरला पहिल्यांदा आलेला भाविकही 'मुखदर्शन' वाचून समजतो की गाभाऱ्याजवळ न जाता लांबून आईचं मुख दिसेल. काय मिळेल आणि कुठपर्यंत मिळेल, दोन्ही एका शब्दात आलं.

दुसरी अशीच जागा म्हणजे 'साठवा' आणि 'पाठवा'. एका अक्षराचा फरक, पण परिणाम फार वेगळा. परंड्याच्या किंवा भूमच्या एखाद्या शिवारात रेंज नसते. अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती आधी फोनमध्ये राहते आणि रेंज आली की पुढे जाते. ई-पीक पाहणीच्या पहिल्या आवृत्तीत यासाठी 'अपलोड' असं वेगळं बटण होतं. फोटो काढला, माहिती भरली, खाली 'माहिती साठवली' असं आलं, की सामान्य माणसाचं काम तिथे संपलेलं असतं. त्याच्या दृष्टीनं नोंद झाली. 'साठवली' या शब्दानं त्याला तसंच सांगितलेलं असतं. इथे नुसतं बटणाचं नाव बदलून भागत नाही, त्या अर्धवट स्थितीलाच नाव द्यावं लागतं. 'माहिती अजून तुमच्या फोनमध्येच आहे' हे वाक्य लांबलचक आहे, पण ते वाचून माणूस बांधावरून रस्त्यापर्यंत चालत येईल. 'अपलोड प्रलंबित' वाचून येणार नाही.

विम्याच्या बाबतीत नावाचा घोळ सगळ्यात जड जायचा, कारण तिथे वेळ मोजका असायचा. महाराष्ट्रात खरीप २०२५ पासून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठरते. त्याआधीच्या हंगामांत मात्र शेतकऱ्यानं स्वतः ७२ तासांच्या आत नुकसानीची पूर्वसूचना द्यायची होती, आणि ती देताना नुकसानीचा प्रकार निवडायचा होता. काढणीनंतरच्या नुकसानीचा नियम असा होता की शेतात सुकवण्यासाठी कापून पसरून ठेवलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून ठेवलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण. आता आपल्याकडे सोयाबीन कापलं की बरेच जण त्याची बनीम, म्हणजे गंजी, लावतात आणि मळणी यंत्र मिळेपर्यंत ती झाकून ठेवतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि बनीम भिजली. पडद्यावर 'उभे पीक' होतं, 'कापून पसरलेले पीक' होतं. बनीम कुठे? शेतकरी ज्या शब्दानं आपलं नुकसान सांगतो तो शब्दच यादीत नसेल, तर तो अंदाजानं बोट ठेवणार. आणि बनीम नियमात बसत नसेल तर तेही तिथेच, त्या शब्दासकट लिहायला हवं होतं, म्हणजे पीक कापल्यावर पसरून ठेवायचं की रचायचं हे त्याला आधीच ठरवता आलं असतं. इथे नाव ठेवणं म्हणजे माणसाला त्याचा हक्क समजेल अशा शब्दांत सांगणं आहे.

मग शुद्ध मराठी की इंग्रजी, हा वाद इथे ओढून आणला जातो. मला तो या कामात फारसा उपयोगी वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. ते मोठं काम होतं, त्यामागची जिद्दही मोठी होती. तरी आज साडेतीनशे वर्षांनी शेतकऱ्याच्या तोंडी तहसील आहे, वसुली आहे, जप्ती आहे. जे शब्द रोजच्या कामाला जोडलेले राहिले ते टिकले. आजही तेच दिसतं. जागतिक बँकेच्या साहाय्यानं आलेल्या हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पाचं मराठी नाव 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प'. जिल्ह्यात सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पोकरा' म्हणतात, आणि शेडनेट पोकरातून घेतलं की ठिबक, यावर पारावर गप्पा होतात. केंद्राच्या शेतकरी नोंदणीच्या व्यवस्थेचं नाव 'अ‍ॅग्रीस्टॅक'. ते इंग्रजी आहे आणि इंग्रजी येणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही. लोकांनी त्यातून आपल्याला लागणारी वस्तू उचलली आणि तिला 'फार्मर आयडी' म्हटलं. तोही इंग्रजीच शब्द, पण त्याचा अर्थ लागतो. 'दस्तऐवज अधिभारित करा' हे मराठी असून परकं आहे, 'फोटो जोडा' हे फोटो या शब्दासकट आपलं आहे. पुण्यात २००८ मध्ये रेड हॅट कंपनीच्या भाषांतरकारांच्या पुढाकारानं 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. संगणकावर वारंवार येणारे शब्द भाषाभाषांतल्या लोकांनी एकत्र बसून ठरवायचे, अशी त्याची पद्धत होती आणि मराठीही त्यात होती. पद्धत योग्यच होती. त्या टेबलाभोवती संगणकाच्या माणसांबरोबर केंद्रचालक आणि शेतकरीही बसले तर ती आणखी पक्की होईल.

नाव चांगलं आहे की नाही हे तपासायला खर्च येत नाही. पडद्याचा एक कागदी छाप घ्यावा, ज्यानं ते अ‍ॅप कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला दाखवावा आणि एकेका बटणावर बोट ठेवून विचारावं, 'काका, हे दाबलं तर काय होईल?' काका जे सांगतील ते लिहून घ्यावं, मध्ये बोलू नये, समजावून सांगू नये. 'चालू पड' दाखवल्यावर ते 'सध्या पडीक' म्हणाले तर नाव जमलं. 'चालू' वाचून त्यांना काहीतरी सुरू करायचं बटण वाटलं तर फोनमुळे त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे असं समजावं आणि दुसरं नाव शोधावं. असे पाच-सहा जण झाले की कुठल्या नावाशी माणसं अडखळतात ते दिसून येतं. यात एक पथ्य आहे. 'हे नाव आवडलं का' असं विचारू नये. पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही.

उरतो प्रश्न नाव बदलण्याचा, आणि धाराशिव जिल्ह्याइतका त्याचा अनुभव दुसऱ्या कुणाला असणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. गाडीच्या पाटीवरचं एमएच-२५ तेच राहिलं. पण दर पोर्टलवर जिल्ह्यांची यादी असते, आणि इंग्रजी यादीत उस्मानाबाद 'ओ'पाशी असायचं, धाराशिव 'डी'पाशी असतं. सगळ्या याद्या एका दिवशी बदलत नाहीत. एका पोर्टलवर जुनं नाव, दुसऱ्यावर नवं, असा काळ बराच चालतो, आणि आधारवरचा पत्ता, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांवर तर जे छापलं ते छापलं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी तुळजापूरची मुलगी यादीत 'ओ'पाशी आपला जिल्हा शोधते आणि तो तिथे नसतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, पण गावात कुणी तसं विचारत येत नाही. अशा वेळी नव्या नावाचा मान राखून जुनं नाव शोधात जिवंत ठेवावं: 'उस्मानाबाद' टाइप केलं तरी धाराशिव समोर यावं, 'तलाठी' टाइप केलं तरी ग्राम महसूल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर यावा, आणि यादीत पहिली काही वर्षं 'धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' असं पूर्ण लिहिलेलं असावं. बटणांची नावं बदलतानाही हेच करावं. हंगाम सुरू असताना तर ती बदलूच नयेत. खरिपाच्या पाहणीच्या दिवसांत ज्यानं मागच्या वर्षी 'पीक माहिती नोंदवा' दाबून पेरा लावला, त्याला या वर्षीही तेच शब्द त्याच जागी दिसायला हवेत.